मिरजेला पाठवलेला पेशंट

लालासाहेब : ...पाय कुणी कापला माजा? त्येवढं सांगा, मग जातो मी.

मनुबाई : आवं दादा, कुबडी खाली घ्या आधी! डाक्टरांवर कुबडी उगारत्यात व्हय?

डॉ. बेडेकर : राहू दे मनुबाई, तुम्ही टेबल पुसा. मी कापला. याच खोलीत. तुम्ही लालासाहेब ना? कराडच्या नाक्यावर उसाच्या ट्रकखाली सापडला होतात.

लालासाहेब : ध्यानात हाय म्हणायचं! हवालदार हुतो सायेब. एकाहत्तरच्या लढाईत अंगावर ओरखडा उठला न्हाई. आन् सुट्टीवर आलो, तर तुमी गुडघ्यापास्नं पाय तोडून मोकळं झाला. पलटणीनं घरी बसवलं मला.

डॉ. बेडेकर : पायाचा चेंदा झाला होता. रक्त थांबत नव्हतं. कापला, मगच मिरजेला पाठवता आलं तुम्हाला.

लालासाहेब : मग तसंच मिरजेला धाडायचं! थितं मोठं डाक्टर हायती.

डॉ. बेडेकर : वाटेतच गेला असतात. इथे रक्ताची बाटली नव्हती, भूल द्यायला माणूस नव्हता. वेळही नव्हता.

लालासाहेब : कशावरनं गेलो असतो?

डॉ. बेडेकर : शपथेवर नाही सांगता यायचं. पण उद्या तसाच पाय समोर आला, तर पुन्हा कापीन.

लालासाहेब : वा! लय समाधान वाटत असंल न्हाई, अशी कापाकापी करून? झोप लागती?

मनुबाई : तोंड आवरा हां!

डॉ. बेडेकर : समाधान? डोकं फुटलेला, विष प्यालेला, भाजलेला, सगळे आधी माझ्यापुढे येतात. जगेलसा वाटला की मिरजेला पाठवायचा. पुढे त्याचं काय झालं, कोणी सांगत नाही. इथे मरतात तेवढेच डोळ्यांपुढे राहतात. साताऱ्याला हिवतापाच्या कचेरीत बदली मागितलीय मी. तिथे असलं रक्त नसतं.

लालासाहेब : म्हंजी तुमी पळणार, आन् मी ऱ्हाणार असा!

डॉ. बेडेकर : तुम्ही आता दारात दिसलात, तेव्हा मला कळलं तुम्ही जगलात ते. शिव्या देत होतात. तरी बरं वाटलं.

(लालासाहेब कुबडी खाली टेकतात. बाहेर कुणाचं तरी पोर रडतंय.)

लालासाहेब : बायकूनं व्हय म्हणलं तुमाला. पुरता बेसुद नव्हतो मी. ‘कापा’ म्हणाली. ह्या कानानं ऐकलंय. मिरजेस्नं आल्यापास्नं सबूद बोललो न्हाई तिच्यासंगं. परवा रहिमतपूरला म्हायेरी धाडून दिली.

डॉ. बेडेकर : चंद्राबाईंना? माहेरी पाठवलंत?

लालासाहेब : नाव कसं ठावं तुमाला?

डॉ. बेडेकर : विसरीन कसा? मनुबाई, सांगा यांना.

मनुबाई : काय सांगू? ट्राक्टरच्या ट्रॉलीतनं आणलं तुमाला. ती तुमच्या जांघंत मूठ रुतवून बसल्याली, समद्या अंगाचा भार दिऊन. जरा ढिली पडली की रगात उडायचं. डाक्टर म्हणालं, ‘आता सोडा बाई,’ तरी सुटंना. बोटं दगडावाणी झाल्याली. मी आन् नर्सबाईनं येकेक बोट उकललं.

लालासाहेब : हे मला... कुणी बोललं न्हाई.

डॉ. बेडेकर : त्यांनी रक्त दाबून धरलं, म्हणून जिवंत माणूस माझ्यापर्यंत पोचला. पाय कापावा लागेल म्हटलं, तर एवढंच विचारलं त्यांनी, ‘पाय ठिवला तर मानूस ऱ्हाईल का?’ मी नाही म्हटलं. मग ‘कापा’ म्हणाल्या. तुम्हाला तेवढंच ऐकू गेलं.

लालासाहेब : आन् मी... एस्टीत बसवाय सुदिक गेलो न्हाई.

डॉ. बेडेकर : उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती त्यांची. शेकायला सांगितलं होतं मी. आता होतात?

लालासाहेब : ठावं न्हाई.

मनुबाई : ठावं न्हाई कसं? घरातच हुती की तुमच्या!

लालासाहेब : तिच्या हातचं खात हुतो सायेब, रोज. हात कवा बगितला न्हाई.

डॉ. बेडेकर : मग जा, बघा. आणि मला येऊन सांगा. मी आहे इथे अजून.