उलटी छापलेली ओळ

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. रत्नागिरीत माझ्याबरोबर कॉम्प्युटर शिकणाऱ्या सदानंदने आजारी आईकडून लग्नातली गाणी ऐकून फ्लॉपीवर टाइप केली होती. पुढे आई गेली.

एकदा त्या फ्लॉपीची कॉपी काढायला त्याने वर्गात सगळ्यांना फुकट मिळालेला एक प्रोग्रॅम वापरला. त्याच्यासोबतच्या माहितीपत्रकात कुठली फ्लॉपी आधी घालायची, तेच उलटं छापलं होतं. कोरी फ्लॉपी गाण्यांच्या फ्लॉपीवर उतरली आणि सगळी गाणी पुसली गेली.

त्याने ते पत्रक पुन्हा वाचलं. मग पेन घेऊन वर्गातलं एकेक पत्रक दुरुस्त करायला लागला.

मी म्हटलं, "सदा, आता काय उपयोग?"

"दुसऱ्या कोणाचं जायला नको."

"तुला थोडी आठवत असतील की."

"चाली आठवतात रे," तो म्हणाला, "शब्द नाय आठवत."