घड्याळजी सापडले, त्याबाबत

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी टेलरताई या नावाने परिचित, वय ४४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, पहिला मजला. घरी मी, पती, वय ५१, धंदा घड्याळदुरुस्ती, व कॉलेजात शिकणारी मुलगी असे तिघे राहतो. पती बेपत्ता झाल्याची खबर सोमवारी मीच या ठाण्यात दिली होती. त्याबाबत आज शुक्रवारी पुढील जबाब देते.

पतींच्या दोन्ही किडन्या दीड वर्षापासून निकामी आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागते. आमच्या गावात ती सोय नाही. बसने अडीच तासांवरच्या शहरात जावे लागते. उपचार सवलतीत होतो. दोघांचे बसभाडे, रिक्षा, बाहेरचे जेवण आणि दोघांचा बुडालेला रोज, हे काही सवलतीत होत नाही. आधी दूध अर्ध्यावर आले, मग अंडी बंद झाली, मग पतींनी दुकानाचा गाळा सोडला व घरीच काम सुरू केले. मुलीने ‘कंटाळा आला’ असे सांगून क्लास सोडला. मी तिला जास्त विचारले नाही.

रविवारी संध्याकाळी क्लासच्या बाईंकडून पतींना खरे कारण कळले. ते जेवून झोपले. सोमवारी सकाळी सहा वाजता मी पाणी भरून वर आले, तेव्हा ते घरात नव्हते. उशाखाली चिठ्ठी होती : ‘शोधू नका. पोरीचा क्लास चालू करा.’

शेजाऱ्यांनी नदीकडे माणसे पाठवली. मी त्यांचा कप्पा उघडला. डोळ्याला लावायचे भिंग, चिमटे आणि बारीक पेचकस जागेवर नव्हते. जीव द्यायला निघालेला माणूस पेचकस घेऊन जात नाही, हे मी तेव्हाच हवालदारसाहेबांना सांगितले होते. त्यांनी ते लिहून घेतले नाही.

मंगळवारी मी बंदराच्या गावी थोरल्या नणंदेला फोन केला. ‘वन्सं, कशा आहात?’ एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, ‘छे गं, तो इकडे नाही आला.’ ते हरवल्याचे मी अजून सांगितलेच नव्हते.

बुधवारी सकाळी तिथे पोहोचले. नणंदेच्या घरापासून दहा मिनिटांवर धर्मादाय दवाखाना आहे. पती तिथे मशीनला जोडलेले होते. मला पाहून म्हणाले, ‘ताईला बजावलं होतं, सांगू नकोस म्हणून.’

मी म्हणाले, ‘त्यांनी नाही सांगितलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, एवढंच.’

ते म्हणाले, ‘इथे चालत येता येतं. एका घड्याळवाल्याकडे अर्धा दिवस बसतो. माझं मी भागवीन. तुम्ही दोघी नीट खा.’

मी म्हणाले, ‘का? माझं शिलाईचं मशीन या गावात चालत नाही?’

त्यावर ते रडले. हात हलवू नका म्हणून नर्सबाईंनी दटावले, तेव्हा डोळे मी पुसले.

तिथे खोलीचे भाडे इथल्या दीडपट आहे, पण बसभाडे नाही आणि रोज बुडत नाही. परतताना मी बसमध्ये हिशेब केला. जमतो. मुलीची परीक्षा झाली की आम्ही दोघी तिकडे राहायला जाणार आहोत. तिथल्या कॉलेजात चौकशी केली आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. बेपत्ताची नोंद बंद करावी.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात ‘पती जबाबदारी टाकून पळून गेले’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले व ‘पती कामाला गेले’ असे लिहून घेतले. आता तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.