नवरदेव कुठं हाये?

आमच्या घोडेस्वारीचं तुम्हाले सांगितलं नाई ना कधी? ऐका मग.

सुलभाचे, म्हणजे आमच्या हिचे, कॅन्सरचे वर्षभराचे उपचार नुकतेच संपले होते. केस सगळे गेलेले, डोक्याले कायम रुमाल. एका मासिकात तिनं घोड्यावरच्या सहलीचा फोटो पाह्यला, द्राक्षाच्या मळ्यांतून अन् जंगलातून जाणाऱ्या. म्हणाली, "मले इथं जायचं हाये." डॉक्टर म्हणाले, इतका लांबचा प्रवास आता नको.

मग मी आष्टीच्या रहीमभाईंची लग्नातली घोडी ठरवली. द्राक्षं नाई तर नाई, आपले संत्र्याचे बगीचे होतेच, अन् पलीकडे जंगल. ही घोडीवर, मी लगाम धरून पायी, रहीमभाई मागं. जंगलाच्या कडेले रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आडवा गेला, तर ही श्वास रोखून पाहतच राह्यली.

परतताना एका गावात बारशाचा बँड सुरू झाला, अन् घोडी लागली नाचायले! मी ओरडलो, "उतर, पडशील!"

"थांबा हो, नाचू द्या तिले!" ही हसून राह्यली होती. तेवढ्यात रुमाल सुटून खाली पडला. मी उचलून वर धरला, पण तिनं घेतलाच नाई.

लोक जमले. एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, "अवं बाई, घोडीवर तूच काऊन? नवरदेव कुठं हाये?"

हिनं माझ्याकडं बोट केलं. "हे काय, लगाम धरून उभे हायेत. वर्ष झालं, सोडूनच नाई राह्यले."