खोट कुणात हाय

मी मूळची पोलादपुरातल्या कापडे गावची, आमची भातशेती, नि लगीन करून दिली ती तुडीलला, सावित्रीच्या काठी. आमचे हे केमिकलच्या कारखान्यात टाक्या धुवायला जायचे, घरी आले की अंगाला वास, आंघोळ केली तरी जायचा नाय. नदीत पण कधी कधी मासं उलटं पडलेलं दिसायचं, पण पोट त्याच कारखान्यावर, मंग बोलणार कोण.

पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं पण तसंच. काय सांगू तुमाला, सासूबाई भांडी घासता घासता बोलायच्या, हिच्यातच खोट हाय, पोराला दुसरी बघू. हे ऐकायचे नि गप जेवायचे. त्यांचं ते गप बसणं मला जास्त लागायचं.

मंग मुंबईला भावाकडं गेलो, मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरीणबाई बोलल्या, हिचं सगळं ठीक हाय, आता तुमची तपासणी करू, काम काय करता? हे उठलेच. मला काय झालंय, मी गडीमाणूस! तरातरा बाहेर गेले. मी जिन्यात जाऊन धरलं, बोलले, अहो, मी एवढी वर्षं ऐकून घेतलं, तुमाला एक तपासणी जड झाली? तवा मागं फिरले.

रिपोर्ट आला. बाई बोलल्या, तुमच्या बीजातली जनुकं की काय ती तुटलेली दिसतात, असल्या रसायनानं होऊ शकतं तसं, पण त्यानंच झालं हे छातीठोक नाय सांगता येणार. ते काम सोडा, बीज नवं तयार होतं, थोडे महिने थांबा.

ह्यांनी घरी येऊन आईसमोरच सांगितलं, आये, हिला परत बोलायचं नाय, खोट माझ्यात हाय, मी काम सोडतोय. सासूबाई उठून भांडी घासायला गेल्या.

कापड्याला माहेरी जाऊन माझ्या मुंबईच्या भावाची शेती केली. परत दिवस गेले तवा मुंबईला गर्भाची जनुकं तपासून आलो, निकाल फोनवर कळणार होता. थोड्या दिवसांनी मुंबईला पुन्हा दाखवून येताना वीर स्टेशनला उतरून रिक्षात बसलो नि फोन वाजला. ह्यांनी तो माझ्याच हातात दिला, तू घे गो, माझ्यानं नाय होणार. बाई बोलल्या, बाळाची जनुकं ठीक दिसतात. मी अशी रडले की रिक्षावाला बोलला, ताई, गाडी थांबवू का?

पोरगी शाळेत जाते आता. तरी तिला जरा ताप आला की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आता धाकट्या जावेला दिवस गेलेत, नि दीर त्याच कारखान्यात. त्याला सांगितलं तर हसला, वहिनी, सगळ्यांना थोडंच होतं? खरं हाय, सगळ्यांना नाय होत. पण जाऊ हसली नाय. उद्या तिला घेऊन मुंबईला चाललेय मी, तो येवो नायतर न येवो. देव तिची कूस राखो.