रेघांची फाईल

नाही हो, लॅब शेजारी, ही कॉम्प्युटरची खोली. पण आलाच आहात तर बसा, तिथं आत्ता कोणी नाही — ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. थंडी वाजतेय ना? एसी सर्व्हरसाठी आहे, माणसांसाठी नाही. मी सकाळपासून कुडकुडत डोकं फोडतोय.

हा बघा सर्व्हर. सहा वर्षं सलग चालू — कोणाला किडनी हवी, कोण द्यायला तयार, कोणाचा रक्तगट कुठला, सगळं याच्या पोटात. आणि ही दुसरी फाईल, आयती तयार, ग्राफ डेटाबेस म्हणतात — म्हणजे काय, ठिपके आणि रेघा. नवरा बायकोला किडनी द्यायला तयार आहे पण जुळत नाही, ती जोडी म्हणजे एक ठिपका. तुमचंही तसंच? मग तुम्हाला लगेच कळेल. तुमची किडनी दुसऱ्या जोडीतल्या पेशंटला जुळते, ही झाली एक रेघ, त्यांची तिसऱ्या जोडीला, तिसऱ्यांची वहिनींना — वर्तुळ पुरं झालं की तिन्ही घरांचं काम झालं. आता या रेघा फक्त फाईलीत आहेत, आणि आज यादीत कोण आहे नि कोण नाही हे फक्त सर्व्हरला ठाऊक. दोन्ही जोडायचे, एवढंच काम. एवढंच. पण सर्व्हर चालू, फाईल धडधाकट, आणि जोडलं की पडद्यावर काय — शून्य जोड्या. पत्ता तपासला, पासवर्ड तपासला, फाईल तीनदा हलवली. शून्य.

बनवली कोणी? माझ्या हाताखालच्या पोरीनं. आठ महिने लागले तिला, एकेका घरी फोन करून. मग तिलाच का विचारत नाही — बायकोही हेच म्हणते, पान वाढता वाढता, "एका फोननं झिजाल का?" झिजणार नाही. पण मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, चित्रं काढून पेशंट बरे होत नाहीत. सगळे हसले, ती नाही हसली. महिन्याभरात दुसरी नोकरी बघितली तिनं, जाताना पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला, म्हणाली, "सर, तासाभराचं काम आहे, अडलं तर फोन करा." तो माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला. किती दिवस — एकोणीस. कामं होती हो. खोटं कशाला बोलू, एवढी नव्हती.

थांबा, लावतोच. तुमच्यासमोर कसली लाज — हॅलो. हो, मीच. हो, शून्य दाखवतोय... नाव? कुठं लिहायचं?... अच्छा. नाही गं, रागावलो नाही. तू बरी आहेस ना? बरं.

कळलं? यादी याच्याकडे आहे, पण रेघांसाठी हा स्वतःचाच रिकामा डेटाबेस उघडून बसतो. तयार फाईल शेजारी ठेवली तरी ढुंकून बघत नाही, नाव घेऊन सांगावं लागतं, हा उघड. एक ओळ. एका ओळीसाठी माझी सकाळ गेली — आणि ती एका शब्दानं टोचून बोलली नाही, त्याचाच जास्त त्रास होतोय. आले बघा. चारशे बारा जोड्या.

तुमचा नंबर काय? कागदावर वरच असेल — बेचाळीस. हे तुम्ही. ही रेघ निघाली एकशे सातकडे, तिथून तीनशे साठ, तिथून परत तुमच्याकडे — वर्तुळ आहे हो, पुरं वर्तुळ, तिनं फाईल दिली तेव्हापासून आहे — फक्त हा एकशे सात राखाडी का दिसतोय. राखाडी म्हणजे... म्हणजे ती जोडी आता यादीत नाही. त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात किडनी मिळाली. तारीख आहे ना इथं. आठ दिवसांपूर्वीची.

दुसरं वर्तुळ सापडेल. सापडतात. मी आजच सगळी फाईल चाळतो, स्वतः वर नेऊन डॉक्टरांच्या हातात देतो — नाही, वहिनींना इतक्यात काही सांगू नका. सांगा म्हणजे... तुमचं तुम्ही ठरवा.

असं बघू नका माझ्याकडे. मी काही मुद्दाम...

जा तुम्ही. आणि दार ओढून घ्या.