पुतळाबाईचा देव

(१९८४. सानपाड्याजवळचं खाडीकाठचं गाव. उद्या पुतळाबाईची दशक्रिया. प्रवचन करणारे बुवा तिच्याविषयी विचारायला घरी आलेत. समोर मुलगा विलास आणि सासरहून आलेली मोठी मुलगी जयमाला.)

विलास : तर हे पहिलं ध्यानात ठेवा बुवा. आमची आय जन्मात कधी कोणावर चिडली नाय. एकदम शांत बाई.

जयमाला : खोटं बोलतो हा.

विलास : ताई, गप बस ना जरा. बुवा आपल्यासाठी आलेत.

बुवा : बोलू द्या त्यांनाही. माउलींचा देवधर्म कसा होता?

विलास : कडक! सोमवार, एकादशी, काय सोडायची नाय. दिवसभर शेतात, नायतर मिठागरावर टोपल्या. आणि संध्याकाळ झाली की दिवा घेऊन बांधावरच्या देवाला. तिथं बिल्डिंग आली तरी जायची. सोसायटीच्या भिंतीपाशी दिवा ठेवायची. शेवटी त्या लोकांनीच तिथं टाइल्स लावून दिल्या, बोला! आता दर्शनाला थांबतात.

बुवा : वा! केवढी निष्ठा.

जयमाला : निष्ठा कसली? शिव्या द्यायला जायची ती.

बुवा : कोणाला?

जयमाला : देवाला. मी जायची ना तिच्याबरोबर. दिवा लावायची आन् बोलायची, "तुजा बांध राखला मी, तू माजं काय राखलंस? मेल्या, उजेडात तोंड तरी दाव." रोज! लोक लांबून हात जोडायचे. बोलायचे, पुतळा किती भाविक.

विलास : हे सांगायचं उद्या गावाला? डोकं फिरलंय तुझं.

जयमाला : फिरलंच हाय. आय गेल्यापासून ऐकते मी. कष्टाळू होती, सोशीक होती. सोसायला कोनी लावलं, ते नाय कोन बोलत.

बुवा : काय झालं होतं, बाई?

विलास : काय नाय हो. मोठं उधाण आलं आणि खारबांध फुटला. असं झालं की आमच्याकडं घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, चिखल टाकून खांड बुजवायला. बापूस लांब मिठागरावर होता. धाकट्याला ताप, तरी आय त्याला देवाच्या भरवशावर टाकून गेली. गावाचं भात वाचलं. हेच सांगा बुवा, पब्लिक रडेल.

जयमाला : देवाच्या भरवशावर? माज्या मांडीवर ठेवून गेली! मी परकरातली पोर. आन् ती जात नव्हती. गावचा पुढारी, तो गोटीराम, दारात येऊन उभा राहिला. बोलला, "आज तुज्या घरचा हात नाय लागला, तर उद्या तुज्या शेताची खांड कोन बुजवनार नाय."

विलास : गोटीरामतात्या गावाच्या वतीनं बोलले. नियम होता.

जयमाला : नियम! पोर फणफणलेलं बघितलं त्यानं. घर बायांनी भरलेलं त्याचं, एकीला बोलला असता, जा, पुतळाच्या पोराजवळ बस. नाय बोलला. आय आली ती अंगभर चिखल घेऊन. पोराला उचलायच्या आधी हात धुवायला गेली. तेवढ्यात संपलं सगलं. माज्या मांडीवर.

बुवा : हरी, हरी.

जयमाला : हरीला नका बोलवू आता. आन् ज्या शेतापायी पोर गेलं, त्याच शेतात ह्यानं भराव टाकला. गोटीरामच्या डंपरनं!

विलास : शेत सरकारनं घेतलं, मी नाय विकलं! तात्यांनी कामाला लावलं म्हणून हे घर चाललंय. उद्या ते पुढ्यात बसणार. माझं काम घालवायला आलीस तू?

जयमाला : हां. आता खरं बोललास.

विलास : बुवा, तुम्हीच सांगा हिला.

बुवा : बाई, मी परगावचा माणूस. भर प्रवचनात कोणाकडे बोट दाखवणं मला शोभणार नाही.

जयमाला : तुमी नका दाखवू. मी उभी राहीन.

विलास : दशक्रियेत बाईमाणूस उभं राहून बोलतं कधी? लोक शेण घालतील तोंडात.

जयमाला : बांधावर चाललं ना बाईमाणूस? कमरेएवढ्या पान्यात? तवा कोन बोललं नाय, बाई, तू घरी जा, तुजं पोर तापलंय.

बुवा : विलासराव...

विलास : आणि माझं काम गेलं तर?

बुवा : त्यांना बोलू द्या. मी आधी त्या लेकराचं नाव घेईन, मग यांना पुढे बोलावीन. नाव काय होतं त्याचं?

जयमाला : ह्याला विचारा. घरात कोन घेत नाय ते नाव.

बुवा : विलासराव?

विलास : किसन. माझ्याच गोधडीत झोपायचा.