जावईबापूच्या गाडीवरचे लाल ठिपके

नाही हो जब्बारभाऊ, थिनर नाही लागू देलं. आमचे हे निघालेच होते बाटली घेऊन, मी हातातून हिसकली. म्हटलं ठिपके राहू द्या, गाडीचा मूळ रंग निघाला तं जावई आपल्यालेच पुसून टाकतीन. झालं काय — काल तान्हा पोळा. नातवाचा लाकडी बैल फिका पडलता. ओम म्हणे, आजोबा, लाल करा. मग काय, यायनं स्प्रेचा डबा आणला अन बसले अंगणात फुसफुस करत. वारा कुठून येऊन राह्यला, ते कोण पाहते? बैल राह्यला अर्धा तसाच, अन जावईबापूची पांढरी गाडी आली रंगात.

कव्हर काहून नव्हतं? धुवायले टाकलं होतं. हो, कव्हर धुतात ते. म्हणजे पोरीकडून धुवून घेतात. लय टापटीप माणूस आहे. गाडीत बसायच्या आधी चपला झटकाव्या लागतात, ओमनं बिस्किट खाल्लं तं गाडी रस्त्यात थांबते. आमची निकिता माहेरी आली तवा पाय अधांतरी धरून बसलती, मले वाटलं पायाले लागलं का काय. अन आज मले इथं तुमच्या गॅरेजात बसवून गेले, तुमच्या हातानं ओरखडा पडू नये म्हणून. घ्या, सासूची नोकरी. स्वतः चौकात थंड प्यायले गेले.

हे काय घासून राह्यले? माती? कणकेच्या गोळ्यावानी दिसते. अस्सं — साबणाचं पाणी मारायचं अन गोळा नुसता फिरवायचा, दाबायचा नाही. पहा, लाल आला गोळ्याले. अन ही प्लास्टिकची पन्नी कायले देता? हातात घालून फिरवू? ... अगोबाई. इथं तं एक ठिपका दिसत नाही, अन कसं खरखर लागते.

एक सांगू? कोणाले बोलू नका. काल जावयानं ठिपके पाह्यले, तवा निकिता आत पुरण वाटत होती. बाहेर काय झालं, तिले पत्ता नाही. ते नुसते ओरडले, "हे काय आहे?" — अन पोरगी भरल्या हातानं पळत आली, अन पहिलं बोलली काय, तं "चुकलं माझं." काय चुकलं, ते बी विचारलं नाही तिनं. आमचे हे हातात डबा घेऊन उभे, म्हणून राह्यले का बापू, मी केलं, मी केलं. तरी जावई पाहून राह्यले तिच्याचकडे. अन ती खाली. घरात असताना मले तोंडावर उत्तर देणारी पोरगी होती हो ती. मी तिले गप्प राहायले शिकवत होते. आता भेव वाटते मले.

तवापासून तिले विचारीन म्हणते, तं जावई एक मिनिट बाजूले होत नाहीत. अन संध्याकाळी निघतो म्हणतात.

आजच होऊन जाईन म्हणता? थांबा. हात थांबवा तुमचा. मले सांगा, किती दिवस लागू शकतात? नाही, किती लागतात नाही विचारलं. बसनं जाणारा माणूस नाही तो. गाडी इथं लोहाऱ्यात राह्यली तं दिवसभर इथंच खुर्ची टाकून बसन, तुमच्या उरावर. पोरगी तिकडं बाभुळगावले माझ्यापाशी राहीन. तुमच्या घरी बी पोरगी आहे ना भाऊ, निलोफर?

आले पहा. तो गोळा ठेवा खाली.

या जावईबापू, या. हे भाऊ म्हणून राह्यले का रंग लय खोल बसला, घाई केली तं गाडीचं पॉलिश जाईन. चार दिवस तरी म्हणतात. मले बाईमाणसाले काय समजते त्यातलं, तुम्हीच विचारा.

सांगा ना, जब्बारभाऊ.